एआर असिस्टंट बनवणाऱ्यांना खुलं पत्र: चेहरा नंतर करा, आधी तिला घरात वावरायला शिकवा

नमस्कार मंडळी,

पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत आणि परदेशात बसून जे कोणी एआर चष्म्यासाठी (खऱ्या खोलीतच आपण काढलेलं पात्र उभं असल्यासारखं दाखवणाऱ्या चष्म्यासाठी) असिस्टंट बनवतायत, म्हणजे डिझायनर, ॲनिमेटर, युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिणारे, आवाजाच्या टीममधले, आणि 'या क्वार्टरमध्ये माणूस एकदम खरा दिसला पाहिजे' असं सांगणारे प्रॉडक्ट मॅनेजर, तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. मी स्वतः कॅरेक्टर ॲनिमेशन करते, बारा वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन एआरमध्ये गेली. म्हणजे मी तुमच्यातलीच आहे. पण गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या घरी जे बघितलं त्यानंतर मला आपल्या कामाबद्दल काही गोष्टी अगदी स्पष्ट बोलायच्यात.

झालं असं की आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सुरुवातीचे तीन आठवडे फिजिओवाले दादा घरी येत होते. नंतर ओळखीतून कळलं की एका कंपनीचं ट्रायल चाललंय, एआर चष्मा देतात, त्यात एक असिस्टंट समोर उभी राहून व्यायाम करून घेते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे दोष त्यांच्या एकट्याचे नाहीतच, मी स्वतः केलेल्या कामातही यातले निम्मे सापडतील. मला वाटलं बरंच झालं, आईचा व्यायाम चुकणार नाही आणि मला खरं घर, खरा माणूस, खरं टेस्टिंग बघायला मिळेल.

आमचं घर जुनं आहे. सोपा, मग माजघर, माजघराच्या कोपऱ्यात देव्हारा. चष्म्यानं माजघरातली मोकळी फरशी शोधली आणि तिथं ती उभी केली. साधं प्लेन डिटेक्शन, सपाट जागा दिसली की ठेव पात्र. फक्त ती मोकळी जागा मोकळी का होती हे त्याला माहीत नव्हतं. ती जागा देव्हाऱ्यासमोरची होती, तिथं आमच्याकडे कुणी काही ठेवत नाही. आणि ही बाई तिथं, देवाकडे पाठ करून, पायात बूट घालून उभी. आईनं पहिलं वाक्य काय बोलावं? 'अहो ताई, चपला तिकडे काढून या ना.' एकदम मनापासून, कुठलाही पाहुणा आला असता तर बोलली असती तसं. आणि ती ताई हसून म्हणाली, 'चला, पहिला व्यायाम सुरू करूया!'

तिथंच सगळं संपलं होतं खरं तर. नंतर तीन आठवडे ट्रायल चाललं पण आईच्या लेखी ती बाई तेव्हाच ठोंब ठरली.

आता यावर आपल्यातले लोक म्हणतील की वयस्कर माणसं आहेत, त्यांना सवय नाही, ती खरंच माणूस समजतात. तर तसं नाहीये. आईला पक्कं माहीत होतं की हे चित्र आहे, तिनं स्वतः चष्मा काढून घालून दोनचारदा खात्री केली होती. तरीसुद्धा ती त्या बाईच्या अंगातून कधी चालत गेली नाही. स्वयंपाकघरात जायचं तर वळसा घालून, वॉकर घेऊन, दुखऱ्या गुडघ्यानं. आणि चष्मा काढून डब्यात ठेवल्यानंतरही पुढचे कितीतरी दिवस त्या फरशीला वळसा घालूनच जायची. मी विचारलं तर म्हणाली, 'अगं माहितीये मला, पण पाय पडत नाही.'

हे फक्त माझ्या आईचं नाही. २०१९ साली स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. चष्म्यातून लोकांना खऱ्या खुर्चीवर बसलेला एक माणूस दाखवला आणि नंतर बसायला जागा निवडायला सांगितली. चष्मा घातलेल्यांपैकी जवळपास कुणीच त्या खुर्चीवर बसलं नाही, आणि ज्यांनी चष्मा काढला त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी शेजारचीच खुर्ची धरली. कॉलेजची तरुण पोरं होती ती, टेक्नॉलॉजीच्या घरातच राहणारी. त्याच्याही आधी, १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबॉमनं एलायझा नावाचा साधा प्रोग्राम केला होता, टाइप केलेलं वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा, त्याला ना चेहरा ना आवाज, आणि त्याच्याच सेक्रेटरीनं, जिनं तो प्रोग्राम बनताना बघितला होता, दोनचार वाक्यं झाल्यावर त्याला सांगितलं की जरा खोलीबाहेर जा, मला याच्याशी खासगी बोलायचंय. तर मुद्दा हा की माणूस विश्वास ठेवतोच, थोडं निमित्त मिळालं तरी ठेवतो, तो काही ठरवून ठेवत नाही आणि ठरवून बंदही करू शकत नाही. आणि आपण मात्र वर्षानुवर्षं विश्वास बसावा म्हणून त्वचेची छिद्रं आणि डोळ्यातली चमक करत बसलोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की एआरमधलं पात्र खरं वाटतं ते चेहऱ्यामुळे नाही, ते आपल्या खोलीत वावरतं कसं यामुळे. खोलीची, खोलीतल्या वस्तूंची आणि माणसांची त्याला दखल आहे की नाही, एवढंच बघणारा बघतो.

जपानचे मासाहिरो मोरी यांचा तो प्रसिद्ध आलेख आपण सगळ्यांनी कॉलेजात बघितलाय, १९७० चा, माणसासारखं करत करत गेलं की एका टप्प्यावर आपलेपणा वाढायच्या ऐवजी एकदम शिसारी येते तो. पण त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. मोरी म्हणतात की वस्तू हलायला लागली की ती दरी अजून खोल होते. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं आहे, दिसायला खरा पण हातात घेतला की गार. एआरमध्ये ही दरी आणखी खोल आहे असं मला वाटतं, कारण सिनेमात पात्राच्या मागची भिंतसुद्धा आपणच काढलेली असते, इथं मागची भिंत खरी आहे, त्यावरचं कॅलेंडर खरं आहे, खिडकीतून येणारं ऊन खरं आहे, आणि त्या उन्हाला जर तुमच्या पात्राची सावली पडत नसेल तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी बिनसलंय हे कळतं. आई म्हणाली होती, 'हिचे पाय जमिनीला लागत नाहीत गं.' आपल्याकडे पाय जमिनीला न लागणारं काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि त्या चष्म्याची स्वतःची एक अडचण आहे जी मला सगळ्यात जास्त खटकते, आणि याबद्दल कुणी नीट बोलत नाही. पारदर्शक काचेचे जे चष्मे आहेत ते प्रकाश मिळवू शकतात, वजा करू शकत नाहीत. म्हणजे त्यांना काळा रंग दाखवता येत नाही. काळं म्हणजे तिथं प्रकाशच नाही, म्हणजे तिथं आरपार दिसणार. आता आपल्या देशातली बाई काढायची म्हटलं की तिचे केस काळे, डोळे काळे, रंग सावळा. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं की 'हिच्या डोक्यातून मागची खिडकी दिसते.' केसांच्या जागी खिडकीचे गज! बुबुळांच्या जागी भिंत! ट्रायलवाल्यांना कळवलं तर पुढच्या आठवड्यात अपडेट आला आणि त्यांनी काय केलं होतं, केस तपकिरी केले आणि कातडी चांगली दोन छटा उजळ केली. प्रश्न सुटला. पण ज्या समाजात लग्नाच्या जाहिरातीत अजून गोरी मुलगी मागतात तिथं तुम्ही एक असा चष्मा विकताय ज्यात सावळं माणूस भुतासारखं आणि गोरं माणूस ठसठशीत दिसणार, आणि त्यावर तुमचा उपाय काय तर सगळ्यांना गोरं करा. मित्रांनो, हे नका करू. दुसरे रस्ते आहेत. मॅजिक लीप कंपनीच्या २०२२ च्या दुसऱ्या चष्म्यात काचेचा हवा तेवढाच भाग मंद करायची सोय आली, म्हणजे हार्डवेअरवाल्यांना हा प्रश्न कळलाय. तेवढा महाग चष्मा नसेल तर पात्राला अंधाऱ्या भिंतीसमोर उभं करा, कडेनं प्रकाश द्या, किंवा मग माणूसच काढू नका.

हो, माणूसच काढू नका. हे मी अगदी गंभीरपणे म्हणतेय. आपल्या महाराष्ट्रात अर्धवटराव माहीत नाही असं माणूस सापडणं कठीण. पाध्ये कुटुंबाची ती बोलकी बाहुली, शंभर वर्षांहून जुनी, आधी य. के. पाध्ये आणि मग रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसलेली. बाहुलीचं तोंड, वळणारी मान, वरखाली होणारा जबडा, बस. कुणालाही कधी वाटलं नाही की हा खरा माणूस आहे, आणि तरी सगळं थिएटर त्याच्याशी बोलतं, त्याच्यावर रागावतं. मी लहानपणी टीव्हीवर बघायचे, आणि आता कामासाठी ते जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा थांबवून बघितले. त्यात दिसतं काय तर बाहुली बोलायच्या आधी बघते. कुणी काही बोललं की आधी मान तिकडे वळते, मग एक क्षण थांबते, मग तोंड उघडतं. आणि दुसरं, पाध्ये स्वतः तिच्याकडे बघतात, तिचं ऐकतात, ते ऐकतात म्हणून आपणही ऐकतो. त्या बाहुलीच्या जबड्यात आपल्या बावन्न ब्लेंडशेप्सच्या (चेहऱ्याच्या तयार हालचालींच्या) चेहऱ्यापेक्षा जास्त जीव आहे कारण तिला समोर कोण बसलंय हे माहीत असल्यासारखं दिसतं.

आपल्या क्षेत्रात 'बिलिव्हेबल', म्हणजे विश्वास बसेल असं, हा शब्दही असल्याच हुबेहूब नसलेल्या पात्रांच्या कलेतून आलाय. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जोसेफ बेट्स यांनी १९९४ मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा त्यांनी आधार घेतला होता डिस्नेच्या जुन्या ॲनिमेटरांचा. त्यांचं म्हणणं होतं की पात्र हुशार किंवा हुबेहूब असायची गरज नाही, त्याला काहीतरी वाटतंय आणि जे वाटतंय ते वेळेवर दिसतंय हे महत्त्वाचं.

वेळेवर दिसणं. आईच्या व्यायामात चौथ्या दिवशी गुडघ्यात कळ आली, ती 'आई गं' म्हणून ओरडली, आणि समोरची बाई त्याच सेकंदाला टाळ्या वाजवत म्हणाली, 'वा, खूप छान! अजून पाच!' मी शेजारी बसले होते. मला इतका संताप आला की तो चष्मा काढून टाकावासा वाटला. बघा, मी असं म्हणत नाहीये की त्या असिस्टंटला वैद्यकीय निदान करता यायला हवं होतं. तिनं फक्त गुडघ्याकडे बघायला हवं होतं. हसू थांबवून, मान खाली करून, गुडघ्याकडे एक नजर. एवढंच. फिजिओवाले दादा यायचे ते चपला बाहेर काढून, फरशीवर मांडी घालून बसायचे आणि पहिलं वाक्य असायचं 'काकू, आज काय म्हणतोय गुडघा?' आणि बोलताना डोळे गुडघ्यावर, मग हात, मग आईच्या चेहऱ्याकडे. ते किती ठिकाणी बघायचे आणि कोणत्या क्रमानं, याचं मी आता टिपण काढून ठेवलंय. आपली बाई मात्र सतत, न चुकता, आईच्या डोळ्यात बघत होती. कुणीतरी फेस ट्रॅकिंग लावून 'आय कॉन्टॅक्ट' असं फीचर केलं असणार आणि डेमोत ते भारी दिसलं असणार. पण अर्धा तास कुणी डोळ्याला डोळा लावून बघत राहिलं तर कसं वाटतं? २०१६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जवळपास पाचशे लोकांवर प्रयोग झाला होता, की समोरच्यानं किती वेळ डोळ्यात बघितलेलं बरं वाटतं, तर सरासरी निघाली ३.३ सेकंद. तीन पूर्णांक तीन! आणि आपल्याकडे तर धाकट्यानं मोठ्यांशी बोलताना नजर जरा खाली ठेवायची हेही शिकवलेलं असतं.

आता बोलण्याकडे येते. वेगवेगळ्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ मध्ये आला होता, त्यात एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला लागणारा वेळ सरासरी सेकंदाचा पाचवा भाग होता. तुमचा असिस्टंट प्रश्न सर्व्हरला पाठवणार, उत्तर येणार, आवाज तयार होणार, यात दोन-तीन सेकंद जातात. टेबलावरच्या स्पीकरमध्ये ते खपून जातं कारण तो डबाच आहे. पण माणसाचं शरीर समोर उभं आहे आणि तुम्ही विचारल्यावर ते तीन सेकंद तसंच हसत उभं राहिलं तर तो दगड वाटतो. यावर इंजिनिअरांचं उत्तर असतं लेटन्सी, म्हणजे हा उशीर, कमी करू. करा, जरूर करा. पण तोपर्यंत तिला ऐकायला तरी शिकवा. आमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा समोरच्यानं 'हं' म्हटलं नाही तर ती गोष्ट थांबवायची, 'हुंकार दे गं' म्हणायची. शाहीर पोवाडा गातो तेव्हा मागे झीलकरी 'जी जी रं जी' करतात, तो त्या गाण्याचा अर्धा प्राण आहे. आपल्या भाषेत ऐकणारा गप्प नसतो. मान हलते, 'बरं', 'अगं बाई', 'हो का', बोलायच्या आधी श्वास आत घेतला जातो. हे सगळं चष्म्यातल्या चष्म्यात, सर्व्हरची वाट न बघता करता येतं. मी स्वतः एका प्रोटोटाइपमध्ये फक्त श्वास आणि एक 'हं' टाकून बघितलं, उत्तर तेवढ्याच उशिरा येत होतं, पण ऑफिसातल्या ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांना ते लवकर आल्यासारखं वाटलं.

मराठीचं तर वेगळंच प्रकरण आहे. आईला ती बाई 'तू' म्हणत होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईला, नावानं, एकेरीत, 'तू छान करतेस'. कुणीतरी इंग्रजीतला 'यू' उचलून 'तू' केला आणि असिस्टंटच्या वाक्यांची फाइल बंद केली. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही तिला 'काकू, तुम्ही' म्हणतं. आणि गंमत नाही, तोटा बघा, 'तुम्ही' वापरलं असतं तर अजून एक प्रश्न आपोआप सुटला असता, कारण 'तू आलास' की 'तू आलीस' हे समोरचा पुरुष की बाई त्यावर ठरतं, 'तुम्ही आलात' दोघांना चालतं. असिस्टंटचं स्वतःचं लिंग मात्र मराठीत लपवता येत नाही. इंग्रजीत 'मी समजलो' आणि 'मी समजले' एकच असतं, इथं प्रत्येक दुसऱ्या वाक्यात क्रियापद सांगून टाकतं. त्या ट्रायलमध्ये बाईच्या तोंडून, बाईच्या आवाजात, 'माफ करा, मी समजलो नाही' असं यायचं. एका अक्षरानं अख्खं पात्र कोसळतं. तेच लिप-सिंकचं. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळे आहेत, तोंड वेगळं होतं, जीभ वेगळीकडे लागते, आणि लिहिताना अक्षर एकच. लिखाणावरून ओठ हलवणारी सिस्टीम इथं हमखास फसते. हे मराठी बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला पाच मिनिटं शेजारी बसवलं असतं तर कळलं असतं. टीममध्ये एक भाषेचा माणूस ठेवा, ट्रान्सलेशन एजन्सीला फाइल पाठवून भागत नाही. आणि बहुतेक असिस्टंट बायकाच का असतात, हुकूम ऐकणाऱ्या आणि कायम हसणाऱ्या, यावर युनेस्कोच्या २०१९ च्या एका अहवालात बरंच लिहिलंय, तो वाचा, मी इथं लांबवत नाही.

वहिनीचा किस्सा सांगते. ती चहा घेऊन माजघरात आली. तिनं एआर चष्मा घातलेला नाही, म्हणजे तिला ती बाई दिसतच नाही, ती सरळ आली आणि नेमकी त्या बाईच्या जागी उभी राहिली. आता खरं माणूस पुढे आलं तर मागचं चित्र झाकलं जायला हवं. ते झालं नाही. आईला दिसलं काय तर वहिनीच्या पोटातून एक हात बाहेर येतोय आणि गळ्याच्या इथं दुसरं तोंड हसतंय. आईच्या हातातला कप पडला. आपण याला 'ऑक्लूजन बग' म्हणतो आणि बॅकलॉगमध्ये टाकतो, फोनवरच्या एआरमध्ये डेप्थची, म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे हे ओळखायची, सोय येऊनही काही वर्षं झाली, तरी टाकतो. पण तो बग नुसता चित्राचा नाहीये. त्या बाईनं वहिनी आल्याचं बघितलंच नाही. खरं माणूस असतं तर बाजूला सरकलं असतं, 'या ना' म्हणालं असतं, निदान बोलणं तरी थांबवलं असतं. चष्मा एकानं घातलेला असतो पण घरात चारजण असतात, आणि ज्यांना ती दिसत नाही त्यांच्याशीही तिला वागता आलं पाहिजे. वहिनी आली की एक पाऊल मागे, एवढं जरी केलं असतं तर आईच्या मनात ती बाई पुन्हा उभी राहिली असती असं मला खरंच वाटतं.

आणि यात अशक्य काही नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात ग्रेग वेल्च यांच्या टीमनं असले प्रयोग कधीच केलेत. एका प्रयोगात टेबल अर्धं खरं आणि अर्धं पडद्यातलं, पलीकडे बसलेलं पात्र टेकलं की खरं टेबल किंचित डुगडुगायचं. दुसऱ्यात खोलीतल्या खऱ्या पंख्याच्या वाऱ्यानं पात्राच्या हातातला कागद फडफडायचा आणि ते पात्र पंख्याकडे बघायचं. चेहऱ्यात काही बदल नाही, आणि तरी ते तिथं आहे ही भावना वाढली. माझ्या आईच्या घरी तर किती गोष्टी होत्या, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा टीव्ही, दारावरची बेल, संध्याकाळी दिवे गेले तेव्हाचा अंधार. दिवे गेले तेव्हा ती बाई अंधारात दिव्यासारखी लख्ख चमकत उभी होती आणि मोजत होती, सात, आठ, नऊ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मला तुमच्याकडून खरंच वचन हवंय. त्याच टीमचा २०१८ चा एक प्रयोग आहे, असिस्टंटला शरीर लागतं का या प्रश्नावर. त्यात माणसानं एकांत मागितला तर नुसत्या आवाजाच्या असिस्टंटपेक्षा चालत खोलीबाहेर जाणाऱ्या असिस्टंटवर लोकांचा विश्वास जास्त बसला, की आता हिला काही ऐकू येत नाही. हे वाचताना आधी मला आनंद झाला आणि मग भीती वाटली. कारण ती बाहेर गेलीच नाही ना! ती चष्म्यात होती, चष्म्याचा कॅमेरा आणि माइक आईच्या कपाळावर तसाच होता. आपण ॲनिमेटर लोक चालण्याच्या चाळीस फ्रेम्सच्या ॲनिमेशननं माणसाला पटवून देऊ शकतो की तू आता एकटी आहेस. आई व्यायामाला साडी गुडघ्याच्या वर खोचायची, आणि ती बाई समोर असली की भिंतीकडे तोंड करून खोचायची. वहिनीला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं की तुला कॅमेऱ्यात यायचंय का. भिंतीला कान असतात असं आपण म्हणत आलोय, आता तिला डोळे आपण लावतोय.

म्हणून माझी मागणी अशी आहे की शरीर जे सांगतं तेच यंत्रानं करावं. ती दाराबाहेर गेली तर कॅमेरा आणि माइक खरोखर बंद, तिनं पाठ फिरवली तर कॅमेरा बंद, तिनं डोळे मिटले तर काही रेकॉर्ड होत नाही, आणि उलट जर कॅमेरा चालू असेल तर तिचे डोळे उघडे दिसलेच पाहिजेत, मग ते कितीही अवघडल्यासारखं वाटो. हे सेटिंगच्या सातव्या पानावर टिकमार्क म्हणून नको, त्या पात्राच्या रिगमध्येच, म्हणजे ज्यानं ते हलतं त्या सांगाड्यातच, बांधलेलं हवं, म्हणजे ॲनिमेटरला ठरवूनही खोटं करता येणार नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात संमती वगैरे आहे, पण माझ्या आईनं संमती कागदावर अंगठा टेकून दिलेली नाही, ती रोज त्या बाईच्या वागण्याकडे बघून देत होती. तिथं आपण फसवलं तर कुठल्याही कायद्याला ते सापडणार नाही, म्हणून ते आपणच करायचं नाही.

मला माहितीये तुमच्यावर काय दडपण असतं. डेमो दीड मिनिटाचा असतो, त्यात चेहरा दिसतो, मोकळ्या पांढऱ्या खोलीत उभा असलेला, आणि इन्व्हेस्टर चेहऱ्यालाच 'वाव' म्हणतात. कुकरच्या शिट्टीला मान वळवणाऱ्या पात्राला कुणी वाव म्हणत नाही, ते नजरेतच येत नाही. मीही अशा मीटिंगमध्ये बसलेय आणि गप्प राहिलेय. पण टेस्टिंग त्या पांढऱ्या खोलीतून बाहेर काढा एवढं तरी करा. वाड्यात करा, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथं करा, जिथं देव्हारा आहे तिथं, जिथं नमाजाची चटई आहे तिथं, जिथं पाळणा टांगलाय तिथं करा, आणि चष्मा घातलेल्यापेक्षा न घातलेल्यांना जास्त प्रश्न विचारा. सेटअपच्या वेळी घरच्यांनाच विचारा की पाहुण्यांना तुम्ही कुठं बसवता. मोकळी फरशी शोधण्यापेक्षा तो एक प्रश्न जास्त कामाचा आहे. ती दारातून येऊ दे, उंबऱ्याशी थांबू दे, 'येऊ का' विचारू दे. हवेतून फक्कन प्रकट होणं हे आपल्याला लोडिंगसाठी सोयीचं आहे म्हणून आपण करतो.

आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. ट्रायलवाल्यांचा फोन परत आला होता, नवीन व्हर्जन आहे म्हणाले, चेहरा आता अजून खरा झालाय. आईनं नको म्हटलं. मी त्यांना कळवलंय आणि तुम्हा सगळ्यांनाही सांगते, चेहरा जुनाच असू दे, बाहुलीचा असला तरी चालेल. ती दारातून येणार असेल, 'काकू, तुम्ही' म्हणणार असेल, कळ आली की गुडघ्याकडे बघणार असेल आणि बाहेर गेल्यावर खरोखर बाहेर गेलेली असेल, तर मी स्वतः साताऱ्याला जाऊन आईला चष्मा लावून देईन. तुमच्यापैकी कुणाला ते घर बघायचं असेल, मापं घ्यायची असतील, दिवसभर बसून कोण कुठून येतं जातं ते टिपायचं असेल, तर जरूर या. माजघर दाखवते.

तुमच्यातलीच,
एक कॅरेक्टर ॲनिमेटर, पुणे